खोल पोटाची बोट

मित्रांनो, मी एक मोटारबोट आहे. वयाने फार जुनी नाही, पण सांगण्यासारखं बरंच पाहिलं आहे. त्यातलं जे सांगताना सर्वांत जास्त लाज वाटते, तेच आज सांगते.

माझा जन्म रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी, वाल्मीक मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यात फायबरचे थर एकावर एक चढवून त्यांनी मला घडवलं. लाटा कापता याव्यात म्हणून माझं पोट खोल ठेवलं. अंगाला पांढरा रंग दिला, कडेने निळा पट्टा ओढला. माझ्या शेजारी आणखी एक बोट तयार होत होती. सपाट तळाची, रुंद, मातकट रंगाची. जणू मोठी परातच. तिच्याकडे बघून मी मनात म्हणायचे, हिला कोण नेणार?

एका रविवारी मनीष आणि मृण्मयी नावाचं जोडपं आलं. दोघंही हिंजवडीत नोकरीला. मनीष मूळचा परभणीकडचा. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभं राहण्यात त्याचं बालपण गेलं होतं. म्हणून चार पैसे हाती येताच त्याने माले गावाच्या पुढे, मुळशी धरणाच्या पाण्याला लागून जागा घेतली होती. आता त्याला बोट हवी होती.

"पाणी कुठलं?" मिस्त्रींनी आधी हेच विचारलं.

"धरणाचं. पण समुद्रावरही न्यायची आहे. दोन्हीकडे चालेल अशी द्या."

"समुद्रावर वर्षातून किती वेळा?"

मनीष जरा घुटमळला. "चारेक वेळा."

"मग रोजच्या पाण्याची घ्या, साहेब. उन्हाळ्यात धरण उतरतं. खाली चिखल आणि झाडांचे जुने खुंट. ही सपाट बोट वीतभर पाण्यात जाते. पांढरीला मांडीएवढं पाणी लागतं."

मृण्मयी सपाट बोटीत जाऊन बसलीसुद्धा. "मनीष, ही अजिबात डुलत नाही बघ."

पण मनीषचा हात माझ्या निळ्या पट्ट्यावरून फिरत होता. "अगं, पण दिसते कशी ती! ही बघ, हिला बोट म्हणतात."

मिस्त्रींचा शब्द न् शब्द मी ऐकला होता. ते खरं बोलत होते, हे मला ठाऊक होतं. मला तोंड असतं तर मी मनीषला सावध केलं असतं का? खोटं कशाला बोलू, नसतं केलं. मला निवडलं होतं आणि मी फुगून गेले होते.

मुळशीत मनीषच्या शेजारी एकनाथकाका राहायचे. मनीषला जागा त्यांनीच विकली होती. त्यांच्याकडे दोन वल्ह्यांची लाकडी होडी होती. पाण्यापलीकडे सात घरांची एक वाडी आहे. तिथे गाडीरस्ता नाही. डोंगरातल्या पायवाटेने यायचं तर दोन तास लागतात. त्यामुळे वाडीचं दूध, बाजार, पोरांची शाळा, सगळं त्या होडीवर चालायचं.

मनीष मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "एकनाथकाका, या वयात वल्ही कशाला मारता? माझी बोट वापरा. चावी तुमच्याकडेच ठेवा."

"वापरू की. पन व्हडी बी ऱ्हाऊ द्या, सायेब. डुगडुगती, पर चिखलात बी जाती."

"अहो, ती गळते! आणि आपल्या बोटीला केवढं इंजिन आहे!"

काकांचे गुडघे दुखत होते आणि मनीषचा आग्रह मोडवेना. अखेर त्यांनी होडी मोडली. फळ्या गोठ्याच्या कुडाला लागल्या. खिळे उपसल्याचा आवाज काठावर ऐकू येत होता आणि मी, मित्रांनो, खूश होते. आता सगळं पाणी माझं, असं मला वाटत होतं.

पावसाळा आणि हिवाळा छान गेला. धरण भरलेलं होतं. पाहुणे यायचे, माझ्यात बसून फोटो काढायचे. समुद्रावर मात्र मी एकदाच गेले. गाडीमागे बांधून मला ताम्हिणी घाट उतरवताना मनीष इतका दमला की पुन्हा त्याने समुद्राचं नाव काढलं नाही.

मग मे महिना आला. पाणी दिवसागणिक मागे हटू लागलं. वाडीची माणसं चिखल तुडवत माझ्यापर्यंत यायची. कुरकुर करायची, पण यायची.

एका शनिवारी दुपारी एकनाथकाकांचा फोन वाजला. वाडीतल्या चंद्राबाईंची सून स्नेहल बोलत होती. "काका, आत्याबाईंना फुरसं चावलं! भाताच्या राबाला जाळायचा पाला गोळा करत हुत्या. लवकर या!"

काका आणि मनीष धावत आले. मनीषने इंजिन पूर्ण वेगात सोडलं. मी पाणी फाडत निघाले. दहा मिनिटांत पलीकडचा काठ जवळ आला. काठावर माणसं हात हलवत होती.

"सायेब, हळू! हितं खुंट हायेत!" काका ओरडले.

तोवर माझं पोट खाली घासलं. इंजिनाचा पंखा खुंटावर आदळला, काहीतरी कडकन तुटलं आणि इंजिन नुसतंच घुरघुरू लागलं. मी चिखलात रुतून बसले. काठ दोनशे पावलं दूर होता.

वाडीच्या माणसांनी चंद्राबाईंना गोधडीच्या झोळीत घातलं आणि मांडीभर चिखलातून आणायला सुरुवात केली. दर पावलाला कुणीतरी रुतायचं. काका उतरले, मनीषही उतरला. चंद्राबाईंना माझ्यात निजवल्यावर मी जास्तच रुतले. सगळ्यांनी ढकलून मला कसंबसं पाण्यात नेलं. पण पुढे जायचं कसं? माझ्यात वल्हं नव्हतं. वल्ह्यांनी बोट जुनाट दिसते म्हणून मनीषने ती ठेवलीच नव्हती. बसायची फळी उखडून दोघांनी आळीपाळीने तिनेच पाणी मारलं.

चंद्राबाईंचा पाय सुजून काळानिळा पडला होता. त्या विव्हळल्या नाहीत. मध्ये एकदाच त्यांनी डोळे उघडले.

"एकनाथा, तुजी व्हडी कुटं गेली रं?"

मनीष खाली मान घालून पाणी मारत राहिला. मी तर बुडून जावं, असं मला वाटलं. पण त्यांना घेऊन बुडण्याचीही सोय नव्हती.

अलीकडे पोचायला दोन तास लागले. तिथून पौड, तिथून पुणे. चंद्राबाई वाचल्या, पण पायाची तीन बोटं काढावी लागली. लवकर आणलं असतं तर कदाचित वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. त्या वर्षी भातलावणीला त्या खाचरात उभ्या राहू शकल्या नाहीत.

तीन आठवडे मनीष आलाच नाही. मी काठावर कलंडून पडले होते. चौथ्या शनिवारी तो आणि मृण्मयी पायवाटेने दोन तास चालत वाडीवर गेले. तिथे काय झालं, ते काकांनी मला धुताना आपल्या बायकोला, रंभाबाईंना सांगितलं.

मनीष म्हणाला होता, "काकू, चूक माझी आहे."

"व्हय, तुमचीच हाय," चंद्राबाई म्हणाल्या. "न्हाई म्हनून कशाला सांगू? पर हितं बसून डोळं पुसून काय हुनार? आमाला व्हडी पायजे."

"आणतो. पण या वेळी मी निवडणार नाही. तुम्ही चला."

आणि खरंच, पाय बरा झाल्यावर चंद्राबाई मिस्त्रींच्या शेडमध्ये आल्या. मलाही गाडीमागे बांधून परत आणलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. रंगाकडे त्यांनी बघितलंच नाही. एक सपाट तळाची बोट ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात लावायला सांगितली. मग काठी टेकत, कुणाचा हात न धरता, त्या स्वतः चढल्या आणि उतरल्या.

"कड आनिक चार बोटं खाली घ्या," त्या मिस्त्रींना म्हणाल्या. "पोटुशी बाई चढाया पायजे. आन् वल्ही दोन द्या, चांगली जाड."

मिस्त्रींनी मान डोलावली. मनीष बाजूला उभा राहून त्यांचं बोलणं वहीत उतरवून घेत होता.

जाताना चंद्राबाई माझ्यापाशी थांबल्या. माझ्या पोटावरचे खुंटाचे ओरखडे त्यांनी बोटांनी चाचपले. "हिचा काय गुन्हा न्हाई," त्या म्हणाल्या. "हिला हिच्या पान्यात जाऊ द्या." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी मला दुरुस्त करून इथल्या मासेमारांना दिलं; आता मी खाडीच्या मुखाशी असते. त्यांना जाळ्यांपर्यंत नेते, आणते. इथे पाणी खोल आहे, लाटाही मी नीट कापते. माझ्या कामात आता खोट नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही वस्तू निवडाल. स्वतःसाठी आणि दुसऱ्यांसाठीही. ती ज्यांना वापरायची आहे, त्यांना आधी विचारा. नवी वस्तू अडीअडचणीत टिकते की नाही हे कळेपर्यंत जुनी मोडू नका. आणि कधी खाडीवर आलात, तर माझा रंग बघून थांबू नका. मला पाणी किती लागतं, ते विचारा. मी खरं सांगेन.