कायम योजना नको

विम्याचे दावे नाकारायची नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाईक एरवी फारसे विचारत नाहीत. पण स्वतःचा विमा काढायची वेळ आली की त्याच्याइतका जवळचा कुणी नसतो. त्या दुपारी ताईने धाकट्या भावाला बोलावलं ते असंच. तिचा नवरा हवाई दल सोडून प्रवासी विमान कंपनीत वैमानिक म्हणून जाणार होता. तळावरचं घर अर्धं खोक्यांत गेलं होतं. पडदे उतरवल्यामुळे ऊन थेट जेवणाच्या टेबलावर येत होतं.

"भाऊजी, आता फुकटचं औषध संपलं," भाऊ, म्हणजे नवऱ्याचा मेहुणा, खुर्ची ओढत म्हणाला. "आजवर तुमचा खोकलासुद्धा सरकारी खर्चाने बरा व्हायचा."

"कुणाला खोकला झाला?" कप्तान म्हणाला. ताईच्या नवऱ्याला घरात सगळे कप्तानच म्हणत. "आम्हाला कधी काही होत नाही."

ते एका परीने खरं होतं. त्याच्या तुकडीत वैमानिकांना काही होतच नसे. तळावरच्या डॉक्टरला तिथे 'कात्री' म्हणत, कारण त्याच्याकडे गेलेला माणूस पंख छाटूनच परत येई. कात्री भोजनगृहात शिरली की पाठदुखीवाले ताठ बसत आणि खोकणारे व्हरांड्यात जाऊन खोकत. बायकाही तयार झालेल्या. नवऱ्याला ताप असला की शेजारणीला सांगायचं, पाहुणे आलेत. दुखणं अंगावर काढणं हा तिथे शिस्तीचाच भाग होता.

मेहुण्याने कागद पुढे ओढले आणि धंद्यातला आवाज लावला. "ऐका. नवी कंपनी तिघांनाही पहिल्या दिवसापासून विमा देतेय. इस्पितळं झकास, जुना आजार कुठला म्हणून विचारणारसुद्धा नाही. फक्त नोकरी आहे तोवर. दुसरी तुमच्या दलाची कायम योजना. रांगा लांब, इमारती जुन्या, पण तुमच्या माघारीही ताईला आणि छोकरीला कुणी हात लावणार नाही. मात्र ती दल सोडण्याआधीच घ्यायची. नको म्हणून लिहून दिलंत की दार बंद."

"आणि आपला स्वतंत्र काढला तर?" ताईने विचारलं.

"छोकरीला कोण घेणार?" भाची शाळेत गेली होती, तरी त्याने आवाज खाली आणला. तिला साखरेचा आजार होता; इन्शुलिन रोजचं. "आमच्याकडे अर्ज आला तर मीच परत पाठवीन. तेव्हा दोन्ही घ्या. कंपनीचा मिरवायला, कायम योजना निजायला."

"एक पुरे," कप्तान म्हणाला. "कायम योजना नको. तसं लिहून देतो."

"अहो, फुकट पडतेय जवळजवळ!"

"तुझाच विमाधंद्यावर विश्वास नाही की काय रे?"

"आचाऱ्याला पातेल्यात काय पडलंय ते ठाऊक असतं, भाऊजी."

ताई हसली नाही. "नको तर नको. सही करून टाका एकदाची."

"संध्याकाळी करतो."

"आत्ताच करा की," मेहुणा म्हणाला. "जाताना कचेरीत टाकतो."

कप्तानाने पेन घेतलं. पहिलं अक्षर उठलं, दुसऱ्याला पेन बोटांतून सरकलं, आणि पुढची रेघ कागदावरून टेबलावर गेली. ज्या माणसाने वादळातून विमानं उतरवली, त्याची सही शाईत पडलेल्या मुंगीने चालत जावं तशी उमटली.

"ही माझ्या टेबलावर आली असती," मेहुणा हसत म्हणाला, "तर दावा जागच्या जागी बाद!"

हसणारा तो एकटाच निघाला. आपल्या नोकरीत तो एक गोष्ट शिकला होता. खोटं कोण बोलतंय ते बघण्यापेक्षा चकित कोण झालं नाही ते बघावं. ताई चकित झाली नव्हती. ती खोक्याला चिकटपट्टी लावत होती.

"कधीपासून?" त्याच्या धंद्यातला पहिला प्रश्न आपसूक बाहेर आला.

"गेल्या हिवाळ्यापासून," कप्तान म्हणाला. "येतं नि जातं. अंगठा आणि ही दोन बोटं. माझी नसल्यासारखी होतात."

"कुणाला दाखवलं?"

"हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?"

"आणि नव्या कंपनीची तपासणी?"

"त्या दिवशी हात शहाण्यासारखा वागला."

कायम योजना का नको होती ते आता उघड झालं. तिच्यात नाव घालायचं तर दलाचे डॉक्टर निघताना नखशिखांत तपासत, नसा, स्नायू, सगळं. ज्याला योजना नको त्याला साध्या प्रमाणपत्रावर सोडत.

मेहुण्याने कागद सरळ केले. चेष्टा कुठल्या कुठे गेली होती. "भाऊजी, कंपनीचा विमा नोकरीला बांधलेला, नोकरी परवान्याला आणि परवाना या तीन बोटांना. गरज पडेल त्याच दिवशी तो संपेल. मग छोकरीचं काय? तपासून घ्या. निघालं तर निघालं. पेन्शन आहे, जमिनीवर काहीतरी काम मिळेल."

"जमिनीवर," कप्तान म्हणाला. एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा त्याने तो शब्द उच्चारला. "नवं घर त्या पगारावर घेतलंय. तिची शाळा, तिचं औषध. शेजारी दुसरा वैमानिक असतो रे. आणि हल्ली विमान अर्धं आपलं आपण उडतं."

"आणि उरलेलं अर्धं?"

तळावरून एक विमान उठलं. खोक्यातल्या काचेच्या भांड्यांनी किणकिण केली. मेहुण्याने ताईकडे पाहिलं. लहानपणी त्याने पेन्सिल चोरली होती, तेव्हा तिने कान धरून त्याला दुकानापर्यंत परत नेलं होतं. आता ती बोलेल, असं त्याला वाटलं.

ताई उठली, कपाटातून एक कागद काढून घेऊन आली. त्याच नकारपत्राची दुसरी कोरी प्रत. एक बिघडणार हे तिने घरी आणतानाच धरलं होतं.

"हा घ्या," ती म्हणाली. "सावकाश करा. घाई नाही." कागद सरकू नये म्हणून तिने वरच्या कडेवर तळहात ठेवला.

सही सुरेख आली. मेहुण्याने कागद बॅगेत घातला. वाटेत पूल लागला, कचऱ्याच्या पेट्या लागल्या. त्याने कुठेही बॅग उघडली नाही. कचेरीत कागद दिला आणि सवयीप्रमाणे पोचपावतीही मागून घेतली.

पुढे काही महिन्यांनी त्याला कामासाठी दूरच्या शहरात जायचं होतं. तिकीट काढण्याआधी त्याने ताईला फोन लावला. छोकरी बरी होती. कंपनीच्या इस्पितळात आता तिला चांगली डॉक्टरीण मिळाली होती, औषधाचा खर्च पडत नव्हता. सगळं छान चाललं होतं.

"भाऊजींची पुढच्या आठवड्यातली ड्यूटी कशी आहे गं?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

का, असं तिने विचारलं नाही. "सोमवारी सकाळचं विमान. बुधवारी जाऊन येऊन. गुरुवारी घरीच आहेत."

"मग गुरुवारचं काढतो."

"काढ."

तो फोन ठेवणार, एवढ्यात ती म्हणाली, "आई यायचं म्हणतेय माझ्याकडे. तिचं तिकीट काढशील ना, तेव्हाही आधी मला विचार."