बिनतेलाचं डोकं

कृष्णाबाईच्या डोक्यावर इतकं तेल, की झोप मोजायच्या मशीनच्या तारा टिकेनात. दवाखान्यातल्या नर्स वनमालाने मलम लावून तार चिकटवली, की ती घसरून कानावर.

"आजी, तेल लावून येऊ नका सांगितलं होतं ना?"

"सुतक नाय माझ्या घरात. बिनतेलाच्या डोक्याने वेसाव्याच्या कोळीवाड्यातून बाहेर पडायला?"

सून नलिनी मान खाली घालून बसली होती. होळीनंतर तिच्या नवऱ्याची, जयवंतची होडी समुद्रात गेली, ती फळ्या होऊन किनाऱ्याला लागली. बाकीचे खलाशी सापडले, जयवंत नाही. गाव म्हणालं, दहावं उरका. कृष्णाबाईने गावाला अंगणातून हाकललं. तेव्हापासून रोज डोक्याला तेल, सुनेच्या कपाळी कुंकू आणि डोळ्याला डोळा नाही. पोर यायचंय, तर आई झोपेल कशी? पण परवा बाजारात मासळीबरोबर स्वतःचं बोट चिरलं आणि तिला कळलंसुद्धा नाही. तेव्हा नलिनीने तिला इथे ओढून आणलं.

डॉक्टर समजावू लागला, "मोठ्या मशीनला ढीगभर तारा असतात, हिला चारच. झोप कच्ची की गाढ, ते कागदावर उमटतं. पण केस धुवावे लागतील."

"झोपतच नाय, तर उमटणार काय? तुझं कपाळ?"

तेव्हा नलिनी बोलली. "आई, तुम्ही जाग्या म्हणून मीपण जागी. मला झोपायचंय."

कृष्णाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग उठली आणि मोरीतल्या नळाखाली वाकली. नलिनीने साबण चोळला. डोक्यावरून पाणी गेलं. हे पाणी कशाचं, ते दोघींना माहीत होतं. रडू काही आलं नाही.

कोरड्या केसांत तारा पटकन बसल्या. पंखा फिरत होता, मशीनचं पेन कागदावर खरखरत होतं.

जाग आली तेव्हा खाली कागदाचा ढीग पडला होता.

"गाढ झोपलात, आजी! या संथ, मोठ्या लाटा दिसतात ना, तीच गाढ झोप," वनमाला म्हणाली.

कृष्णाबाईने लाटा पाहिल्या. पाहिल्या आणि कागद परत दिला.

घरी आल्यावर नलिनीने सवयीने तेलाची बाटली पुढे केली.

"राहू दे," कृष्णाबाई म्हणाली. "गुणाजी पाटलाला सांगते, दहाव्याचं बघ म्हणून."

नलिनीचा हात कपाळाकडे गेला.

"ते तुझं तू बघ. मी पुसणार नाय, कोणाला पुसू देणार नाय. आता जा, झोप."