रस्त्यावरची हरळी

शेतकऱ्याच्या घरात हरळीचं नाव निघालं की पाठोपाठ शिवी निघते. नांगरली तरी जात नाही, वखरली तरी जात नाही, मुळाची एक काशी जमिनीत राहिली की पुढच्या मोसमाला वाफाभर होते. केदारखेड्याच्या भागवतनं अर्धं आयुष्य हरळी काढण्यात घालवलं आणि उरलेलं अर्धं ती लावण्यात. गावातले लोक त्यावरून हसायचे. "भागवत जालन्याला हरळी पिकवतो म्हनं! आमच्याकडची घिऊन जा की बाबा, फुकट देतो," असं कुणी ना कुणी पारावरून म्हणायचंच.

त्याचं असं झालं. धाकट्या भावाच्या हवाली शेत करून भागवत जालन्याला आला. आधी दुसऱ्याच्या हाताखाली आणि मग स्वतःच्या नावावर तो कारखान्यांच्या बागा तयार करायची आणि राखायची कामं घेऊ लागला. औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीचं पुढचं अंगण हे त्याचं पहिलं मोठं काम. तिथं त्यानं बाहेरून गुंडाळ्या आणून महागाचं लॉन अंथरलं होतं, ते पहिल्याच उन्हाळ्यात पिवळं पडलं. साहेब तोंड फिरवून जायला लागले. तेव्हा त्याची बायको वंदना गावाकडं गेली आणि आपल्याच बांधावरची हरळी पोतं भरून घेऊन आली. बोटाबोटानं टोचली. श्रावणापर्यंत अंगण हिरवंगार. कंपनीत कुणालाच कळलं नाही की हे शेतकऱ्यांचं वैरी गवत आहे.

पुढं कामं वाढली. पाइप, खत, कुंड्या, साहेबलोक हे भागवतचं. निंदायला येणाऱ्या बायका वंदनाच्या. त्या केदारखेड्याहूनच यायच्या, काळीपिवळी जीपमधून, डबे घेऊन. वंदना त्यांच्या ओळीत पहिली बसायची. त्या तिकडं काय बोलतात, कशाला हसतात, हे भागवतनं कधी विचारलं नाही. काम बराबर व्हायचं, एवढं त्याला पुरे होतं.

मागच्या आषाढात वंदना गेली. कावीळ म्हणता म्हणता दुखणं भलतंच निघालं. दहावं-तेरावं आटोपून भागवत कामावर आला आणि पहिल्यासारखाच राबायला लागला. लोक म्हणाले, गडी खंबीर आहे. तो फक्त बोलायचा कमी झाला होता, आणि बोलणारा तो आधीही नव्हता, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

हिवाळ्यात कंपनीनं अंगण बदलायचं ठरवलं. संभाजीनगरहून चिन्मयी नावाची मुलगी नकाशा घेऊन आली. बागांची आखणी करणं हाच तिचा धंदा. तिनं भागवतला समोर बसवून सांगितलं, "काका, उन्हाळ्यात या लॉनला टँकर लागतो. इथं माणसांना नळाचं पाणी आठवड्यानं येतं. मला हे बरं वाटत नाही."

"मंग काय लावायचं म्हनता, मॅडम?"

"तरवड, निरगुडी, मधे दगडगोटे. एकदा धरलं की पाणी मागत नाही."

"तरवड? ती तर आमच्या माळावर शेळ्यासुदिक खात न्हाईत."

"म्हणूनच लावायची," चिन्मयी हसून म्हणाली.

तिचं खरं होतं. भागवतला ते पटलंही. त्यानं पोरं लावून लॉन काढलं. पण गेटाच्या आत, झेंड्याच्या खांबाजवळ, वंदनानं जिथं पहिली काशी टोचली होती, तो बाजेएवढा तुकडा काढताना त्यानं पोरांचा हात धरला. चिन्मयीला त्यानं एवढंच सांगितलं, "हे राहू द्या. बायकोनं लावलेलं हाये. टँकरचं पाणी घालत न्हाई, कँटीनच्या पाणी गाळायच्या मशिनचं वाया जाणारं घालतो." तिनं नकाशावर तिथं पेनानं एक गोल काढून दिला. दुसऱ्या कुणालाच त्यानं हे सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

हरभऱ्याची सोंगणी उरकली आणि बायका रिकाम्या झाल्या, तेव्हा त्यानं त्यांना निंदायला बोलावलं. वंदना गेल्यावर पहिल्यांदाच. साळूबाई म्होरकी, तिच्याबरोबर तिची सून कौसल्या आणि आणखी दोघीतिघी. भागवत घाईत होता. ठिबकचे जोड आणायला त्याला जुन्या जालन्यात जायचं होतं. गाडीवर बसल्या बसल्याच तो म्हणाला, "गेटापासून खांबापर्यंत सगळं निंदून घ्या," आणि गेला.

परत यायला त्याला दुपार झाली. दुकानात गर्दी होती. कंपनीसमोरच्या रस्त्यावर लोखंडाचे ट्रक रांगेनं चालले होते आणि रस्त्यावर काहीतरी हिरवं पसरलं होतं. चारा सांडला असेल कुणाचा, असं मनात म्हणत त्यानं त्यावरूनच गाडी घातली आणि आत वळला.

खांबाजवळची जमीन उघडी होती. नुसती उघडी नाही, वीतभर खोल खणून, ढेकळं फोडून, हातानं सपाट केलेली. शेतात हरळी काढतात तशी. एक काशी मागं नव्हती. बायका निंबाच्या सावलीला पाणी पीत बसल्या होत्या.

"हे कुणी केलं?" भागवतचा आवाज एवढा चढला की गेटावरचा हरिओम बाहेर आला.

साळूबाई पदरानं तोंड पुसत उठली. "आम्ही. का? लई चिवट होती बया. कौसल्याचे हात सोलले."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्हीच न्हाई का? सगळं निंदा म्हनले. बाकीचं लॉन काढून टाकलेलं, एवढंच उरलेलं दिसलं. आम्हाला वाटलं पोरांनी कामचुकारपना केला."

"ते ठेवलेलं होतं! आंधळ्या हायेत का सगळ्या?"

"भाऊ," साळूबाईनं खुरपं खाली टाकलं, "तोंड सांभाळून. हरळी दिसली की आमचा हात थांबत न्हाई, जन्माची सवय हाये. वंदनावैनी दरवेळी आधी सांगायच्या, बायांनो, इथं हरळी म्हंजी पीक हाये, हात आवरा. दरवेळी सांगायच्या. आज कुणी सांगितलं?"

इतकी वर्षं भागवतला वाटत होतं, बायकांना ते ठाऊकच आहे. गवत राहतं ते आपल्या पाण्यानं आणि खतानं.

"कुठं टाकली?" त्यानं हळू विचारलं.

कौसल्यानं रस्त्याकडं बोट केलं. काढलेली हरळी रानात ठेवायची नसते, ती वाटेवर टाकायची, म्हणजे चाकाखाली मरते. शहाणी बाई असंच करते.

भागवत गेटाबाहेर गेला तो थेट रस्त्याच्या मधोमध. खाली बसला आणि डांबराला चिकटलेल्या काशा नखांनी सोडवायला लागला. समोरून येणाऱ्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. हरिओम शिट्टी वाजवत धावला आणि हात आडवे करून उभा राहिला.

"ओ चाचा, सोना गिरा है क्या?" ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"सोना न्हाई रे बाबा, गवत!" हरिओम ओरडला.

"गवत?"

"घास, घास! जल्दी मत करो."

बायका काय समजायचं ते समजल्या. साळूबाईनं जवळचं घमेलं उचललं आणि पदर खोचून रस्त्यावर उतरली. मागून बाकीच्याही आल्या. मागं ट्रकची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, हरिओमच्या शिट्टीचा दम संपत आला. पुष्कळशी हरळी चाकांनी चेचून गेली होती. कडेची तेवढी जिवंत होती. सगळं वेचून घमेलं अर्धंही भरलं नाही.

आत आल्यावर फोन वाजला. चिन्मयीला ठिबकचे जोड मिळाले का ते विचारायचं होतं. भागवतनं घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, "काका, वाईट झालं. जागा तयार झालीच आहे तर तिथं तरवड घालायची का? माझा काही आग्रह नाही. तुम्ही म्हणाल तसं."

"सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

"काय म्हनल्या मॅडम?" साळूबाईनं विचारलं.

"तरवड लावू म्हनतात."

"लावा मंग. माळावरचीच बाई, वाईट न्हाई." तिनं घमेल्यावर ओलं पोतं टाकलं. "पन ह्या वैनीच्या हायेत म्हनल्यावर मी काय ह्या परत रस्त्यावर टाकनार न्हाई. तुम्ही काय करायचं ते करा."

भागवतनं पोतं बाजूला करून पाहिलं. घमेल्यातल्या काशांनी सगळा तुकडा झाकला जाणार नव्हता. आणि नुसत्या लावून भागणार नव्हतं. यापुढं दर निंदणीला कुणीतरी ओळीत पहिलं बसून सांगायला लागणार होतं. ते काम त्याला येत नव्हतं. बायकांच्या ओळीत तो आजवर कधी बसला नव्हता.

तो खाली बसला. चपला काढल्या, बोटानं मातीत भोक पाडलं, एक काशी खोचली आणि अंगठ्यानं दाबली. मग दुसरी. "बायांनो," तो मातीकडं बघतच म्हणाला, आणि पुढं काय म्हणायचं ते त्याला सुचेना. "इथली... इथली हरळी काढायची न्हाई."

"आता सांगून राह्यले!" कौसल्या म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून हसली. साळूबाईनं तिला कोपरानं ढोसलं, पण तीही हसत होती. दोघी त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या आणि टोचायला लागल्या.

"पहिल्यांदा आणली तवा कंडक्टर पोतं वर घेऊ दिना," भागवत म्हणाला. आपण बोलतो आहोत याचं त्यालाच नवल वाटलं. "ती सांगायची मला. कंडक्टर म्हनला, हरळी कुनी जालन्याला नेतं का बाई, तिकडं काय कमी हाये?"

"मी व्हते की संगं!" साळूबाई म्हणाली. "भोकरदनच्या गाडीत. त्याला काय म्हनली ठावं हाये का?"

"न्हाई."

"म्हनली, भाऊ, माहेरी लई शिव्या खाल्ल्या हिनं. आता सासरी चालली, तिथं मान हाये तिला. सगळी गाडी हसली. त्यानं पोत्याचं तिकीटसुदिक फाडलं न्हाई."

भागवतच्या हातातली काशी तशीच राहिली. हे वंदनानं त्याला कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि तो तेव्हा पाइप जोडत होता?

"आनखी?" त्यानं विचारलं. "आनखी काय काय बोलायची ती?"

साळूबाई त्याच्याकडं वळली. मांडी मोडून नीट बसली, आणि सांगायला लागली.