लाखेचं सील

दुष्काळात वाटायची मिलो ज्वारी नगरहून पाथर्डीला निघाली, तेव्हा साहेबांनी ट्रकच्या ताडपत्रीच्या गाठीवर लाखेचं सील ठोकलं आणि राखणदार सहादेवला दम भरला, "सीलवरनं नजर हलली तर नोकरी गेली!"

सहादेव हुकमाचा पक्का. मागच्या फाळक्यावर बसून तो लाखेकडं टक लावून राहिला. करंजी घाटात पुढच्या बाजूनं ताडपत्री फाटल्याचा, पोती धपाधप पडल्याचा आवाज त्यानं ऐकला. पण ऐकायचा हुकूम नव्हता.

पाथर्डीत ट्रक निम्मा रिकामा निघाला. जीपनं आधीच पोचलेल्या साहेबांनी भिंगातून सील न्याहाळलं आणि सहादेवची पाठ थोपटली.

"शाबास! सीलला ओरखडासुद्धा नाही."

धान्यासाठी सकाळपासून ताटकळलेल्या छबूबाईनं पिशवी पुढं केली.

"मंग सायेब, ती लाखच वाटा. तेवढीच पुरती पोचलीया."