पिवळ्या बाटलीवरचा आळ

“ही पिवळी परत माजलीय.”

पडद्याआड आमचे हे प्रिंटरला बोल लावत होते. आमची फोटो छापायची खोली म्हणजे पडदा लावून तोडलेला हॉलचा कोपरा. तिथे एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. प्रिंटरच्या कुशीला शाईच्या सहा टाक्या आणि त्यांतून आत गेलेल्या बारीक नळ्या. सलाइन लावलेला पेशंट दिसतोय, असं मी एकदा बोलून गेले. हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

या प्रिंटरमधून रोज एक तरी रंगीत पान काढावं लागतं, नाहीतर शाई तोंडाशी वाळते आणि फोटोवर रेघा उमटतात. त्यापायी तीन वर्षांत मी बहिणीकडे दोन दिवस राहायला गेलेली नाही. तान्ह्या मुलाची आई बरी, तिला मूल काखेत मारून निघता तरी येतं.

शाई भरायची आणि कागद आणायचे हे ह्यांचं काम. रंग माझे. मला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघत आणि ढीगभर कागद वाया घालवत शिकले. बाटलीतली सुटी शाई स्वस्त पडते, पण प्रिंटर तिला ओळखत नाही. म्हणून त्या शाईचं आणि त्या कागदाचं गणित जुळवणारी एक फाइल बनवून घ्यायची, तिला प्रोफाइल म्हणतात. ती नीट बसली की जे पडद्यावर दिसतं तेच कागदावर उतरतं. आमची बसली होती. तरी शेवटची परीक्षा सासूबाईंकडेच. फोटो रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी त्यांच्या खिडकीत, उजेडात न्यायचा. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढल्यापासून त्यांच्या नजरेतून रंग सुटत नाही. आधी म्हणे पिवळ्या दिसतात म्हणून त्यांनी चादरी धुऊन धुऊन फाडल्या, आणि त्या मेल्या पांढऱ्याच होत्या.

या वेळचा फोटो घरचा होता. लेक शुक्रवारी नोकरीसाठी दूर जाणार होती आणि तिला नव्या खोलीत लावायला आम्ही चौघं हवे होतो. राखाडी भिंतीसमोर बसून फोटो काढला, छापला. सासूबाई, मी, लेक, तिघी जशाच्या तशा आलो. ह्यांचा चेहरा पिवळा. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा.

ह्यांनी पिवळी बाटली बदलली, नळ्या धुतल्या, दुकानदाराला फोन करून झापलं. मी मान डोलवत राहिले. एकच शाई तीन चेहऱ्यांवर शहाण्यासारखी वागते आणि चौथ्यावरच माजते, असं कुठे असतं? हे मला पहिलं पान बाहेर येतानाच कळलं होतं. लेकीलाही कळलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि मग दोघी बाटलीकडे बघत बसलो.

ह्यांचे मोठे भाऊ चार वर्षांपूर्वी असेच पिवळे पडत गेले. आज दाखवतो, उद्या दाखवतो करत डॉक्टरकडे पोचले तोवर फार उशीर झाला होता. तेव्हापासून आमच्याकडे ह्यांच्यासाठी डॉक्टरचं नाव निघत नाही. ह्यांना भीती म्हणून, आणि सासूबाईंना पुन्हा तेच नको म्हणून. पंधरा दिवस ह्यांच्या ताटात अन्न उरत होतं. अंगाला खाज सुटत होती, तिचं खापर साबणावर फोडून झालं होतं. मी नवा साबण आणला. किती सोपं असतं साबण आणणं.

मी पिवळा रंग कमी करून पाहिला. हे माणसात आले, पण आम्ही तिघी थंडीने काकडल्यासारख्या निळ्या पडलो. ह्यांचं म्हणणं, चालतंय की. लेक म्हणाली, तीन मेलेल्या बायका आणि एक जिवंत माणूस असा फोटो भिंतीवर कसा लावू. मग आपलं आपल्याला ऐकू आल्यासारखी बॅग भरायला निघून गेली.

गुरुवारी दुपारी हे झोपले. अलीकडे दिवसा झोपायला लागले होते. तेव्हा मी कधी केलं नव्हतं ते केलं. माउसने फक्त ह्यांचा चेहरा कडेकडेने वेढून घेतला आणि तेवढ्यातलाच पिवळा काढत गेले. कपाळ, कान, डोळ्यांतलं पांढरं. गालावर लाली किती असते ते मला पाठ होतं. पंचवीस वर्षं समोर बसून जेवलेय. नळ्यांसारखी मीही त्या कोपऱ्यात अडकले होते, एवढं एकच काम येत होतं मला. तो चेहरा हळूहळू परत आला, तशी मी पटकन छापायची कळ दाबली.

शुक्रवारी सकाळी लेकीची बॅग दारात होती. फोटो बघून हे खूश झाले. बाटली बदलल्याचा गुण आला म्हणाले. मीही हो म्हटलं.

फोटो सासूबाईंच्या हातात गेला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग ह्यांना खिडकीत बोलावलं. रंग पडताळायचा तर छापलेलं आणि खरं शेजारी शेजारी धरायचं, ही सवय मीच त्यांना लावलेली. माझ्या साड्यांच्या फोटोंवर त्यांनी ती गिरवलेली. आता त्यांनी फोटो ह्यांच्या गालाला लावला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मी लेकीच्या बॅगेची चेन उगाचच उघडली आणि लावली.

“आई, तुझा मोतीबिंदू परत आला वाटतं,” हे हसत म्हणाले. उठायलाही लागले.

सासूबाईंनी ह्यांचं मनगट धरून खाली बसवलं. फोटो मांडीवर उपडा ठेवला.

“मोठा पिवळा पडला तेव्हा मोतीबिंदू होता,” त्या म्हणाल्या. “मला सगळंच पिवळं दिसायचं, म्हणून त्याचं वेगळं कळलं नाही. आता दिसतंय. शाईला काही झालेलं नाही रे, तुला झालंय. चप्पल घाल, डॉक्टरकडे जायचंय.”