सातशे तीनमधला शेतकरी

शत्रुघ्न भोईरला वयाच्या बासष्टाव्या वर्षी शेतकऱ्याची नोकरी लागली.

पारोळच्या पुढे, तुंगारेश्वरच्या डोंगराआडच्या खोऱ्यात विनयाताईंनी सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी सेंद्रिय शेतघर काढलं होतं. मातीच्या खोल्या, चुलीवरचं जेवण, गाई, सगळं जमलं. पाहुण्यांना शेती दाखवायला शेतकरी तेवढा मिळेना. खोऱ्यातले सगळे शेतकरी आपापल्या शेतात कामाला गुंतलेले. मोकळा शेतकरी हवा तर ज्याची जमीन गेली आहे असाच शोधावा लागणार, हे विनयाताईंच्या लक्षात आलं. त्यांनी थेट नायगाव गाठलं.

शत्रुघ्नची खाडीलगतची जमीन टॉवरमध्ये गेली होती. त्याच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर त्याला फ्लॅट मिळाला होता. गॅलरीत तो एका पिंपात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून जीवामृत करायचा आणि चार कुंड्यांना घालायचा. पायाखाली माती मिळेल एवढ्यावरच त्याने नोकरीला हो म्हटलं.

पहिल्या दिवशी विनयाताईंनी धोतर आणि भगवा फेटा पुढे केला.

"बाय, आमच्यात असा फेटा कोनी घालत नाय," शत्रुघ्न म्हणाला. "माजा बाप तर लंगोटीवर नांगर धरायचा."

"काका, फोटोत शेतकरी आहे हे कळायला हवं ना! आणि कुणी विचारलं तर इथेच डोंगराखाली राहतो म्हणायचं. आठ पिढ्यांपासून."

शत्रुघ्नने फेटा बांधला. शनिवार-रविवार तो लोकांना वाफे दाखवायचा, आळी करायला शिकवायचा, आणि पाहुणे जेवायला बसले की त्यांनी उपटून ठेवलेली रोपं पुन्हा लावायचा. हे शेवटचं काम त्याला सगळ्यांत आवडायचं.

दिवाळीच्या सुट्टीत बाराएक पाहुणे आले. गाडीतून उतरणाऱ्यांत सोसायटीचे सेक्रेटरी रामनाथ आणि त्यांची बायको लतिका यांना पाहून शत्रुघ्नने फेटा कपाळावर ओढला. पण रामनाथांनी त्याला ओळखलंच नाही. सोसायटीत त्यांनी त्याच्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं.

दहा वाजता 'मातीशी संवाद' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पाहुण्यांनी डोळे मिटून जीवामृताचं पिंप ढवळायचं होतं. रामनाथांनी काठी हातात घेतली आणि छाती भरून श्वास ओढला.

"अहाहा! हा वास शहरात कुठे मिळणार! काका, तुम्ही राहता कुठे?"

"हितंच. डोंगराखाली."

"नशीबवान आहात. नाहीतर आमच्या टॉवरमध्ये एक नग आहे, सातशे तीनमधला. गॅलरीत कसलंसं घाणेरडं पिंप ठेवतो. अख्खा मजला नाक दाबून जातो. तीन नोटिसा दिल्या."

"मंग?"

"आता सोमवारी वॉचमन पाठवून पिंप जप्तच करणार."

ही बातमी शत्रुघ्नला नवीन होती. "त्याला इचारलं का कदी, पिंप कशाला ठेवतो?"

"असल्या लोकांशी काय बोलायचं, काका?"

शत्रुघ्नच्या कानशिलांवर घाम आला. त्याने फेटा उतरवून तोंड पुसलं, आणि लतिका जवळजवळ ओरडल्याच, "अहो, हे सातशे तीनवाले! लिफ्टमध्ये भेटतात की मला!"

सगळे थांबले. रामनाथांनी काठी पिंपात सोडून दिली आणि ते विनयाताईंवर कडाडले, "म्हणजे हा खोटा शेतकरी आहे! टॉवरमध्ये राहतो हा माणूस! ही सरळसरळ फसवणूक आहे!"

विनयाताईंचा चेहरा उतरला. शत्रुघ्न मात्र पुढे आला.

"डोंगराखाली ऱ्हातो, हे खोटं. शेतकरी खोटा नाय. तुमची गाडी 'बी' विंगच्या कोपऱ्यातल्या खांबाशी उभी ऱ्हाते ना, तिथं माजं खाचर व्हतं. माज्या आयशीनं शेवटची लावनी तिथंच केली. तो खांब रवला तवा मी बांधावर उभा व्हतो."

मग गॉगल लावलेला एक पाहुणा फोन वर धरून म्हणाला, "काका, प्लीज, परत एकदा बोलाल? सुरुवातीला कॅमेरा या साहेबांवरच होता."

शत्रुघ्नने तोंड उघडलं, पण दुसऱ्यांदा त्याला ते बोलता येईना. तो नुसता ओठ हलवत उभा राहिला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विनयाताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, हे फारच छान झालं. आता दर शनिवारी घेऊ या. रडू आलं तरी चालेल."

शत्रुघ्नने फेट्याची नीट घडी केली, ती त्यांच्या हातात ठेवली, पाय धुतले आणि तो नायगावला निघून आला. विनयाताईंनी तीनदा फोन केला. मग त्यांनी विरारचा एक निवृत्त कारकून ठेवला. त्याच्या मिशा छान होत्या.

सोमवारी वॉचमन आलाच नाही. मंगळवारी रामनाथ स्वतः आले, पायातले बूट दाराबाहेर काढून. तो व्हिडिओ सोसायटीच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होता आणि त्यात त्यांचा आवाज फार स्पष्ट ऐकू येत होता.

"भोईरकाका, कमिटीनं ठरवलंय. पार्किंगच्या वरच्या बागेत आपला सेंद्रिय कोपरा करू या. देखरेख तुमची. पिंपही तिथेच आणा."

"जागा किती?"

"सहा बाय चार फूट."

शत्रुघ्नने दारातच पावलांनी सहा फूट मोजले. त्याच्या शेतात एवढ्या जागेत बैल वळत नव्हता. "माती टाकून द्या," तो शेवटी म्हणाला. "चांगली. सिमेंटचे खडे नकोत."

रविवारी त्याने वाल पेरले. मदतीला एकट्या लतिकाच खाली उतरल्या. नखांत माती गेली तरी त्या हटल्या नाहीत, आणि दोन बियांत किती अंतर ठेवायचं हे त्यांनी त्याला तीनदा विचारलं. पाचव्या दिवशी कोंब वर आले. मोजून एकोणीस.

'संकल्पना : रामनाथ' ही पाटी शनिवारीच लागली होती.