उणे चार

मी एक जुना पोलादी पट्टा आहे आणि मी भयंकर चिडलेलो आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकल्या, मित्रांनो, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको.

कारखान्यात मला बोटभर रुंद कापलं, अंगावर मिलिमीटरच्या खुणा कोरल्या, टोकाला स्प्रिंग लावली. मग मोजणीवाल्या बाईंनी मला डोंगरउतारावरच्या एका झाडाच्या खोडाला गुंडाळलं. काम एकच. झाड फुगलं की ताणायचं, आटलं की आवळायचं.

एकोणीस वर्षं झाड फुगत गेलं. वर्षाला कधी पाच मिलिमीटर, कधी सहा. पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. "किती अचूक आहे हो!" मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग उन्हाळे लांबले. पालवी फुटायची आणि करपायची. असं तिसरं वर्ष उजाडलं तेव्हा मी आवळलो. बाईंनी खुणा पाहिल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या आणि वहीत लिहिलं: –४.

ज्या उतारावर झाडं आटू लागली तिथे झाडतोड बंद, असा नियम होता. त्या एका आकड्यावर अख्खा उतार तरणार होता.

तरला नाही.

पंधरवड्यात करवती आल्या. माझ्या खालच्या अंगाची अकरा झाडं आडवी झाली. बाई धापा टाकत वर आल्या, सोबत त्यांचे धाकटे दीर. कार्यालयात आकडे उतरवून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"भावजी, चारच्या आधीची रेघ कुठे गेली?"

"मला वाटलं, पेन घसरला तुमचा. वहिनी, तक्त्यात मथळाच 'वाढ' आहे. वाढ उणे कशी असेल?"

"अहो, झाड आटलंय!"

"झाड काय डाएटवर आहे? पट्टा बिघडला असेल. म्हातारा झालाय तो."

बिघडला! मी! एकोणीस वर्षं अचूक, आणि नको ते बोललो तर म्हातारा!

बाईंनी त्यांचा हात धरून खोडावर ठेवला. "दाबा." भावजींनी दाबलं. वीतभर साल त्यांच्या हातात आली. आतून कोरडी, भुसभुशीत. त्यांनी ती बोटांनी चुरली.

"मी चार लिहिलं," ते म्हणाले. "नुसतं चार."

"मग चला. अजून अर्धा उतार उभा आहे."

दोघं जवळजवळ धावतच उतरली. दुसऱ्या दिवशी करवती थांबल्या. अकरा झाडं गेली ती गेलीच. सावली हटल्यावर माझ्या झाडाची मुळं तापली आणि तेही वाळलं. मी अजून त्याच्याभोवती आहे. मोजायला काही उरलेलं नाही.

मित्रांनो, आम्हांला पुसा, तेल घाला, जपा, असं माझ्यासारख्यानं शेवटी म्हणायचं असतं. नको मला तेल! वाईट बातमी आणणाऱ्याला खोटं ठरवण्याआधी उठा, डोंगर चढा आणि झाडाला हात लावून बघा. आणि करवती येईपर्यंत थांबू नका.